भोर घाटातील दोन यादगारी

घाट म्हटला की आम्हां इन्सुलीकरांना तपासणी नाका आणि ट्रकांची रांग आठवते. इतिहास शिकवताना मात्र आम्ही मुलांपुढे खंडाळ्याच्या भोर घाटाची जुनी छायाचित्रे ठेवतो. 1860 च्या आसपासची ही छायाचित्रे ॲलिस ट्रेडवेल या बाईंच्या नावाने ओळखली जातात. त्यांचे पती सॉलोमन 1859 मध्ये रेल्वेमार्गाचे कंत्राट घेऊन आले आणि काही आठवड्यांतच वारले. बाईंनी कंत्राट सोडले नाही. इंजिनिअर नेमून काम पुरे करून घेतले. त्यांच्या हिमतीला दाद द्यावीच लागेल.

छायाचित्रांत उंच दगडी कमानी दिसतात, बोगदे दिसतात. माणसे असलीच तर कमानीची उंची कळावी एवढ्यापुरती. आणि 1861 मध्ये या कामावर 42,000 हून अधिक मजूर होते! काळा कातळ सुरुंगाने फोडून 25 बोगदे काढले. पटकीने माणसे पटापट मेली. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून दंगल झाली आणि आधीच्या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मार्गाचे उद्घाटन केले.

हा मुलूख कातकरी, ठाकर आणि धनगरांचा. रेल्वेआधीचा गाडीरस्ता 10 नोव्हेंबर 1830 रोजी खुला झाला, त्याचे श्रेय गव्हर्नर माल्कम आणि कॅप्टन ह्यूज यांना मिळाले. लोक मात्र शिंगरोबा धनगराचे नाव घेतात. त्याने साहेबांना घाटाची वाट दाखवली, बक्षीस म्हणून आपल्या माणसांचे स्वातंत्र्य मागितले आणि बदल्यात गोळी खाल्ली, असे सांगतात. ही दंतकथाच, आम्ही तिला दस्तऐवज म्हणत नाही. पण डोंगराची वाट डोंगरात राहणाऱ्यालाच ठाऊक असणार, एवढे तर कोणीही मानील.

ह्यूज यांच्या काळातला म्हणून ओळखला जाणारा अमृतांजन पूल 5 एप्रिल 2020 रोजी, लॉकडाऊनमध्ये रस्ता ओस असताना, सुरुंग लावून पाडला गेला. शिंगरोबाचे देऊळ जुन्या रस्त्यावर उभे आहे. ड्रायव्हर गाडीचा वेग कमी करून तिथे नाणे टाकतात.

कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या आजही दुसऱ्याच्या जागेवर आहेत. पावसाळा सरला की कुटुंबे वीटभट्टीवर जातात, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या मुलांच्या नावापुढे उन्हाळ्यापर्यंत गैरहजेरीच लागत जाते.