हरताळ, काकपद आणि मींड : स्वरलिपीच्या संपादनाची गोष्ट

हस्तलिखित पोथीत अक्षर चुकले की लेखनिक त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई आणि त्यावर नवे अक्षर लिही. मजकूर गळला असेल तर काकपदाची खूण करून तो समासात भरी. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. त्यामागची दुरुस्तीची क्रिया मात्र विस्मृतीत गेली आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला या खुणा परिचित असतात, पण बंदिशीच्या लिखित पाठाकडे आपण त्या नजरेने क्वचितच पाहतो. संगणकाच्या पडद्यावर बोटाने स्वर सरकवणाऱ्या पिढीला संगीतरचनेची साधने कशी हवीत, याचा विचार करताना तसे पाहणे आवश्यक ठरते.

आधुनिक स्वरलिपीची आपल्याकडील सुरुवात प्रामुख्याने शिक्षणाच्या गरजेतून झाली. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा निघाली. पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि आपली लिपी घडवली. तीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची खूण असे. शास्त्रदृष्ट्या ती काटेकोर. लिहिणाऱ्याच्या हाताला मात्र जड. विष्णु नारायण भातखंडे यांची लिपी याच्या उलट वृत्तीची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली चंद्रकोर. कंसातला प म्हणजे ‘धपमप’ असा वळसा. एका खुणेत चार स्वर. आजच्या भाषेत हा आयता ‘शॉर्टकट’च म्हणायचा. ती लिपी टिकली याचे श्रेय तिच्या शास्त्रशुद्धतेपेक्षा या सोयीला अधिक जाते, असे मला वाटते.

भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग म्हणजे मूलतः संपादनाचे काम होय. निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांकडून मिळवलेल्या बंदिशींना त्यांनी एका चौकटीत बसवले. बंदिशी वाचल्या हे खरे. पण त्यांतील अनेक पाठभेद कागदाबाहेर राहिले हेही तितकेच खरे. शिवाय मींडेसाठी दोन स्वरांवर काढलेली कमान आवाज कोठून निघाला आणि कोठे पोहोचला एवढेच सांगते. वाटेत तो कोठे रेंगाळला, कोठे झुकला, हे ती सांगत नाही. दरबारीचा आंदोलित गंधार आणि भीमपलासीचा गंधार, दोन्ही कागदावर रेघ दिलेला एकच ग. वाचणाऱ्याने राग आधी ऐकलेला आहे असे ही लिपी गृहीत धरते.

ही उणीव यंत्राने भरून काढण्याचा प्रयत्नही मराठी मुलखातूनच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ब्रिटिश अधिकारी क्लेमेंट्स यांच्या साथीने त्यांनी श्रुती-पेटीचा पुरस्कार केला आणि १९१६ च्या बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली. गायकांना ती पटली नाही. पट्ट्या कितीही वाढवल्या तरी दोन पट्ट्यांमधली वाट पेटीला दाखवता येत नाही, ही अडचण मूळची होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत चालली, तिच्या मुळाशीही हाच आक्षेप होता.

संगणकाने हा जुना पेच नव्या रूपात पुढे ठेवला. युनिकोडच्या देवनागरीत स्वरलिपी लिहू गेल्यास तारेचे टिंब अनुस्वार ठरते, मंद्राचे टिंब नुक्ता ठरते आणि कोमलाची रेघ वैदिक अनुदात्ताकडून उसनी घ्यावी लागते. मंद्र निषादाचा ‘ऩ’ तर द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी ठेवलेले अक्षर आहे! म्हणजे यंत्राला दिसतो तो स्वर नव्हे, चमत्कारिक शुद्धलेखन. दुसऱ्या बाजूला १९८३ च्या ‘मिडी’ या संकेताने स्वराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक दिला. मींडेसाठी निराळा संदेश ठेवला, त्याला १६,३८४ टप्पेही दिले. तेव्हा सूक्ष्मता अपुरी नव्हती. अपुरी होती ती संपादनाची सोय. बहुतेक आज्ञावल्यांत स्वर म्हणजे चौकटीतली एक वीट आणि मींड म्हणजे तळाच्या वेगळ्या पट्टीतली रेषा. वीट हलवली की रेषा अनेकदा मागेच राहते.

२००१ मध्ये आलेल्या ‘मेलोडाइन’ने ध्वनिमुद्रित आवाजाची वळणे स्वरांच्या अंगावरच रेखून दाखवली, तेव्हा ही फारकत प्रथम कमी झाली. त्यानंतर स्पर्शपटल आले. ‘जिओश्रेड’सारख्या वाद्य-ॲपमध्ये बोट न उचलता सरकवले की मींड आणि जागीच हलवले की आंदोलन. महेश राघवन यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखवले आहे. एकाच वेळी वाजणाऱ्या प्रत्येक स्वराला स्वतंत्र वळण देणारा मिडीचा विस्तार २०१८ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. वाजवण्याचा प्रश्न अशा रीतीने बराच सुटला. वाजवलेले दुरुस्त करण्याचा सुटलेला नाही. एखादी मींड संपूर्ण उचलून दुसऱ्या मात्रेवर ठेवावी, तिची टोके तशीच ठेवून रेंगाळणे वाढवावे, चाल त्रितालातून केरव्यात नेताना सम ढळू नये, या क्रियांना बोटाची सहज खूण हवी. दोन बोटांनी चिमटीत धरून चित्र मोठे करावे, तशी मींड ताणता आली पाहिजे.

गोंदियाकडून पाहताना या मागणीला आणखी एक कारण दिसते. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत रात्रभर प्रयोग चालतात आणि गाणी रंगमंचावर प्रत्यक्ष गायली जातात. दंडारीच्या चाली तर मुख्यतः कानांवरच जगल्या. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आल्यावर या चाली यंत्रात शिरू लागतील, आणि तिथल्या आयत्या चौकटीत ओढलेला स्वर जवळच्या रेघेवर आपोआप सरळ होऊन बसतो. हरताळाखालचे जुने अक्षर कधीकधी वाचता तरी येते. म्हणून अशा आज्ञावलीत मला पहिल्यांदा हवे ते ‘मागे घ्या’चे बटण नव्हे, एकाच ओळीचे गावोगावचे तीन-चार पाठ एकाखाली एक ठेवून, बोट लावताच आळीपाळीने ऐकवणारी सोय हवी.