मुनिरका : डासजन्य व गोचीडजन्य रोगांचे सर्वेक्षण

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील नागरी गाव जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला लागून आहे. टोकस गोत्राच्या जाटांच्या शेतजमिनी सरकारने वसाहती व संस्थांसाठी घेतल्या आणि लाल डोऱ्याच्या, म्हणजे गावठाणाच्या हद्दीच्या, आतली वस्ती तेवढी उरली. या हद्दीत इमारतींचे नियम बराच काळ शिथिल होते. त्यामुळे जुन्या घरांच्या जागी चार-पाच मजली भाड्याच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. विद्यार्थी, ईशान्य भारतातून आलेले तरुण आणि नोकरदार तिथे दाटीवाटीने राहतात. पाणी ठरावीक वेळी येते, म्हणून गच्चीवर टाक्या आणि मोरीत बादल्या भरलेल्या असतात. उन्हाळ्यात त्यांत डेझर्ट कूलरची भर पडते. स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालणाऱ्या एडीस इजिप्ती डासाला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. हा डास दिवसा चावतो आणि सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. म्हणून रुग्ण नेमका कोणत्या गल्लीत राहतो, याला सर्वेक्षणात फार महत्त्व आहे.

दिल्लीत डेंग्यूवर कायम नजर ठेवण्याची निकड 1996 च्या साथीने पटली. त्या वर्षी शहरात 10,252 रुग्ण आणि 423 मृत्यू नोंदले गेले. 2015 मध्ये रुग्णसंख्या 15,867 वर गेली, मृत्यू मात्र 60 होते. ऑक्टोबर 2021 मध्ये दिल्ली सरकारने डेंग्यू, मलेरिया व चिकुनगुन्या हे आजार कळवणे बंधनकारक केले.

सर्वेक्षणाची एक बाजू घरोघरच्या तपासणीची. महापालिकेचे ‘डीबीसी’ (डोमेस्टिक ब्रीडिंग चेकर) कर्मचारी टॉर्च घेऊन कूलर, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या पाहतात. पाण्यात अळ्या दिसल्या की जात ओळखण्याची पहिली खूण त्यांच्या ठेवणीत असते. एडीसची अळी श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून डोके खाली सोडून लटकते आणि सावली पडताच तळाकडे वळवळत जाते. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून असते. तपासलेल्या 100 घरांमागे अळ्या सापडलेली घरे किती, हा घर निर्देशांक. 100 घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. दुसरा आकडा अधिक बोलका, कारण एका घरात पाच बादल्या दूषित असल्या तरी घर निर्देशांकात ते घर एकदाच धरले जाते. अंड्यापासून डास होण्यास उन्हाळी हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला महाराष्ट्रातले आरोग्यसेवक सांगतात, ते याच हिशेबाने. मुनिरक्यात अडचण कुलपांची. भाडेकरू दिवसभर बाहेर, गच्चीची किल्ली घरमालकाकडे. मग तपासनीस येऊन गेल्याची नोंद होते, पण टाकी न पाहिलेली राहते.

दुसरी बाजू रुग्णालयांची. एम्स व सफदरजंग ही मोठी रुग्णालये मुनिरक्यापासून जवळ आहेत. सेंटिनल, म्हणजे सर्वेक्षणासाठी नेमलेल्या, रुग्णालयांत तापाच्या पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूच्या एनएस-1 प्रतिजनाची आणि त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची एलायझा चाचणी करतात. आयजीएम चाचणीचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था देशभर पुरवते. निदान झाल्यावर रुग्णाचा पत्ता महापालिकेकडे जातो आणि त्या घराभोवती फवारणी व अळीतपासणी होते. सारी साखळी अवलंबून आहे ती या पत्त्यावर. मुनिरक्यातल्या भाडेकरूच्या ओळखपत्रावर इंफाळचा किंवा पाटण्याचा पत्ता असू शकतो. कागदावरचा पत्ता लिहिला गेला तर रुग्ण ‘बाहेरच्या राज्यातला’ ठरतो आणि डास मात्र गल्लीतच राहतो. शहराच्या अहवालात तपासाअंती पत्ता न सापडलेल्या रुग्णांचा वेगळा रकाना असतो. रोगाच्या नकाशावरचा हा कोरा भाग एकूण आकड्याइतकाच काळजीपूर्वक वाचायला हवा. राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था मुनिरक्यातच आहे, पण ती मुख्यतः प्रशिक्षण व संशोधनाची. गल्लीतली मोजणी तिच्याकडे नाही.

गोचिडींची स्थिती अगदी वेगळी. राष्ट्रीय कीटकजन्य रोग कार्यक्रमात मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुन्या, जपानी मेंदूज्वर, हत्तीरोग व काळा आजार हे सहा रोग येतात. त्यांत गोचिडींमुळे होणारा एकही नाही. गोचिडींचा पद्धतशीर माग काढण्याचे भारतातले ठळक उदाहरण पश्चिम घाटातले आहे. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने गोचिडींतून पसरणाऱ्या या माकडतापाचा विषाणू ओळखला. पुढे हा आजार 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोचला. काजूच्या हंगामात जंगलात जाणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. तिथे मेलेले माकड दिसणे हाच पहिला इशारा मानतात. कर्मचारी पांढरे फडके पालापाचोळ्यावरून ओढतात आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचून तपासणीला पाठवतात.

दिल्ली हा माकडताप आढळणारा प्रदेश नाही, पण गोचिडी वाहणारे प्राणी इथेही आहेत. विद्यापीठाच्या अरवली झाडीत नीलगायी फिरतात, मुनिरक्याच्या गल्ल्यांतल्या भटक्या कुत्र्यांच्या अंगावर तपकिरी गोचिडी असतात. ही गोचीड भारतीय टिक टायफस पसरवू शकते. स्क्रब टायफस हा त्याच्याशी मिळताजुळता ताप दिल्लीतही आढळला आहे, पण तो गोचिडीमुळे नव्हे, चिगर या माइटच्या अळीमुळे होतो. पुरळ किंवा चाव्याची काळी खपली डॉक्टरांच्या नजरेस पडली तर रिकेट्सिया जिवाणूंची चाचणी होते. नाहीतर असा रुग्ण एकात्मिक रोग सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘कारण न समजलेला ताप’ या ओळीत मोजला जातो.