स्वस्त तिकीट आणि जुनं शहर : म्युनिकहून रेगेन्सबुर्ग, एका दिवसात

प्रवास आणि इतिहास या मालिकेत आज एक छोटा वाटणारा विषय घेतला आहे. परदेशात शिकायला गेलेला विद्यार्थी रविवारी सकाळी स्वस्तातल्या तिकिटावर गाडीत बसतो, एखादं जुनं शहर पायी फिरतो आणि रात्री खोलीवर परत येतो. या एका दिवसाला इतिहासाच्या दृष्टीने काही अर्थ आहे का, हा आजचा प्रश्न.

उदाहरण जर्मनीचं घेऊ, कारण आज आपल्याकडची मुलं तिथे मोठ्या संख्येने आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वात मोठा गट आपला. त्यात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडची मुलं किती, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना आपापल्या घरावरून ठाऊक असेल. ज्यांचं मूल तिकडे आहे त्यांना ‘ब्लॉक्ड अकाउंट’ हा शब्दही पाठ असतो. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी बँकेत दाखवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. म्युनिकसारख्या शहरात खोलीचं भाडं आणि विमा गेला की उरलेल्या पैशांत पॅरिस-रोम बसत नाही. जे बसतं ते म्हणजे लोकल आणि प्रादेशिक गाडीचं तिकीट. त्यामुळे विद्यार्थ्याने कोणता युरोप पाहायचा, हे बऱ्याच अंशी ते तिकीट ठरवतं.

तर आधी या तिकिटाचाच इतिहास बघू.

स्वस्त सहलीची गोष्ट इंग्लंडपासून सांगतात. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे ५०० माणसं रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. तीनच वर्षांनी, १८४४ मध्ये, ब्रिटिश संसदेने कायदा केला की रेल्वे कंपन्यांनी दिवसातून निदान एक गाडी अशी चालवावी, जी प्रत्येक स्टेशनवर थांबेल, ताशी सरासरी १२ मैलांपेक्षा हळू जाणार नाही आणि मैलाला एक पेनीहून जास्त घेणार नाही. डब्यात बसायला जागा आणि डोक्यावर छप्पर हवं, हेही कायद्यात लिहावं लागलं. म्हणजे त्याआधी गरीब प्रवासी उघड्या डब्यातून जात होता, हे त्यातून कळतं.

जर्मनीत पहिली वाफेची रेल्वे ७ डिसेंबर १८३५ ला न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ धावली. पण तिथल्या स्वस्त भटकंतीला वेगळं वळण दिलं ते तरुणांनी. बर्लिनजवळच्या श्टेग्लित्समध्ये १९०१ साली ‘वांडरफोगेल’ ही चळवळ रीतसर सुरू झाली. पाठीवर पिशवी घ्यायची, पायी चालायचं, जुनी गावं आणि किल्ले बघायचे. रिशार्ड शिर्मान या शाळामास्तरांनी मुलांच्या मुक्कामासाठी युथ हॉस्टेलची कल्पना मांडली आणि आल्टेनाच्या किल्ल्यात तसं हॉस्टेल उभं राहिलं. शाळेच्या सहलीत किल्ल्यावर राहिलेल्या आपल्या पिढ्यांना यात परकं काही वाटणार नाही.

आता यातली अवघड बाजू. १९३३ नंतर नाझी राजवटीने ही हॉस्टेल्स हिटलर युथच्या ताब्यात दिली. त्याच वर्षी कामगारांसाठी ‘आनंदातून शक्ती’ या नावाची सरकारी संघटना निघाली. तिच्या समुद्रसफरींची जाहिरात फार झाली, पण बहुतेक लोकांच्या वाट्याला आल्या त्या एक-दोन दिवसांच्या स्वस्त सहली. जुन्या जर्मन गावात जा, अभिमानाने बघा, ताजे होऊन कामावर या, असा तो हिशेब. सहल स्वस्त असणं ही चांगलीच गोष्ट. पण ती काय बघायला लावते आणि कशावरून नजर वळवते, हे तिकिटावर छापलेलं नसतं.

युद्धानंतरची गोष्ट थोडक्यात. १९९५ मध्ये जर्मन रेल्वेने १५ मार्कांत पाच जणांना शनिवार-रविवार प्रादेशिक गाड्यांनी देशभर फिरता येईल असं तिकीट काढलं. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये ९ युरोंचं मासिक तिकीट आलं आणि सुमारे ५ कोटी २० लाख तिकिटं विकली गेली. १ मे २०२३ पासून ‘डॉइचलांड-टिकेट’ आहे : सुरुवातीला ४९ युरो, २०२५ मध्ये ५८. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते ६० टक्के किमतीत मिळतं. वेगवान आयसीई गाड्या त्यात चालत नाहीत. आपल्या एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासाची आठवण येईल, आणि ती बरोबरच आहे. ठरावीक पैसे एकदा भरा, मग कुठे उतरायचं ते तुम्ही ठरवा.

तर म्युनिकच्या विद्यार्थ्याने रविवारी हे तिकीट घेऊन डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्गला जावं, असं आम्ही सुचवतो. प्रादेशिक गाडीने सुमारे दीड तास. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून डबा सोबत घ्यावा. स्टेशनपासून जुनं शहर पायी पंधरा मिनिटांवर आहे. पुढे जे सांगणार आहोत त्यातलं जवळजवळ सगळं रस्त्यावरून, पैसे न देता दिसतं.

इथे रोमन सैन्याची छावणी इ. स. १७९ मध्ये, मार्कस ऑरेलियसच्या काळात, बांधून झाली. तिच्या उत्तर दरवाज्याचे मोठाले दगड आजही एका इमारतीच्या भिंतीत उभे दिसतात. नदीवरचा दगडी पूल ११३५ ते ११४६ या काळात बांधला. मधल्या गल्ल्यांत श्रीमंत व्यापाऱ्यांनी घरांवर चढवलेले उंच बुरूज आहेत, इटलीतल्या शहरांसारखे. २००६ पासून हे सगळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पण इतकं जुनं शिल्लक कसं राहिलं? एक उत्तर असं की दुसऱ्या महायुद्धात इथल्या मेसरश्मिट विमान कारखान्यावर आणि रेल्वेवर बॉम्ब पडले, पण जुना भाग बराचसा वाचला. त्यामागचं दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. मध्ययुगाच्या अखेरीस व्यापार न्यूरेंबर्ग आणि आउग्सबुर्गकडे वळला. रेगेन्सबुर्ग कर्जात बुडालं, इतकं की १४८६ मध्ये त्याने आपलं स्वातंत्र्य सोडून बवेरियाच्या ड्यूकची सत्ता मान्य केली. सम्राटाने दबाव आणून १४९२ मध्ये ते परत साम्राज्याचं शहर केलं, पण तिजोरी रिकामीच होती. श्रीमंत शहरं जुनी घरं पाडून नव्या पद्धतीची बांधत होती, तेव्हा इथल्या लोकांना ते परवडत नव्हतं. म्हणून बुरूज राहिले. आज आपण ज्याला वारसा म्हणतो, तो त्यांच्या दृष्टीने पैसे नसल्यामुळे तसाच पडून राहिलेला जुना पसारा होता.

गरिबीने शहर जपलं, हे वाक्य ऐकायला गोड वाटतं. आता त्याच गरिबीने आणखी काय केलं तेही ऐकू.

या शहरात मोठी आणि विद्वत्तेसाठी नावाजलेली ज्यू वस्ती होती. १०९६ च्या पहिल्या क्रूसेडच्या वेळी तिथल्या ज्यूंना डॅन्यूबमध्ये नेऊन जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला गेला होता. तरी वस्ती टिकली. पंधराव्या शतकात धंदा बसला तसा शहराचा राग या शेजाऱ्यांवर निघू लागला. कारागीर म्हणू लागले, आमच्या दैन्याचं मूळ हेच. ज्यूंना सम्राटाचं संरक्षण होतं. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट पहिला मॅक्सिमिलियन वारला आणि नवा सम्राट निवडून यायच्या आत, फेब्रुवारीत, नगरपरिषदेने ज्यूंना काही दिवसांत शहर सोडायला लावलं. सिनेगॉग पाडलं. दफनभूमी उद्ध्वस्त केली आणि तिथले थडग्यांचे दगड लोकांनी आपापल्या घरांच्या भिंतींत बसवले, काही तर विजयाची खूण म्हणून. प्रसिद्ध चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर याने पाडण्याआधी त्या सिनेगॉगची दोन चित्रं कोरून ठेवली. हा आल्टडोर्फर स्वतः नगरपरिषदेत होता. म्हणजे चित्र जपणारा हात आणि हाकलण्याच्या निर्णयात सामील असलेला हात एकाच माणसाचा.

ती जागा म्हणजे आजचा नॉयफार्रप्लाट्स चौक. १९९५ ते १९९८ मध्ये तिथे खोदकाम झालं तेव्हा जुन्या वस्तीचे पाये सापडले. २००५ मध्ये इस्रायली शिल्पकार दानी काराव्हान यांनी सिनेगॉगच्या मूळ आराखड्यावर पांढरं शिल्प उभारलं. त्याच्या पायऱ्यांवर लोक बसतात, मुलं खेळतात. गावात हिंडताना भिंतीत हिब्रू अक्षरांचा दगड दिसला तर थांबून बघावं. जुनं घर ‘सुंदर’ म्हणून बघणाऱ्या नजरेला तो दगड सजावट वाटू शकतो.

मग दगडी पुलावर जावं. फोटो सगळे इथेच काढतात. ११४७ आणि ११८९ मध्ये क्रूसेडची सैन्यं याच शहरातून निघाली, हे बहुतेक माहितीपुस्तकांत असतं. पलीकडच्या श्टाटआमहोफ भागात ‘कोलोसेउम’ नावाची खानावळ होती, हे कमी ठिकाणी असतं. मार्च-एप्रिल १९४५ मध्ये फ्लॉसेनब्युर्ग छळछावणीचे सुमारे ४०० कैदी तिथे कोंडले होते. रोज त्यांना या पुलावरून चालवत नेत, बॉम्बहल्ल्यात उखडलेले रेल्वेरूळ दुरुस्त करायला. शहराच्या देखत, दिवसाउजेडी. ज्या स्टेशनात आपला विद्यार्थी सकाळी उतरला, त्याच परिसरात ते काम चाललं होतं.

एप्रिलच्या शेवटी अमेरिकन सैन्य जवळ आलं. २३ तारखेला लोक जमून शहर न लढता सोपवा म्हणू लागले. कॅथीड्रलचे प्रवचनकार योहान मायर तिथे बोलायला उभे राहिले. त्यांना अटक झाली आणि २४ एप्रिलला फाशी दिलं गेलं. त्याच दिवसांत जर्मन सैन्याने दगडी पुलाच्या कमानी उडवल्या. २७ एप्रिलला शहर न लढताच अमेरिकनांच्या हाती गेलं. म्हणजे हे शहर नशिबाने आणि दारिद्र्याने वाचलं, तसंच ‘नाही’ म्हणणाऱ्या काही माणसांच्या जिवावरही वाचलं.

जाता जाता केपलरचा उल्लेख करू, विद्यार्थ्यांसाठी. हा महान खगोलशास्त्रज्ञ १६३० मध्ये आपले थकलेले पैसे मिळतात का ते बघायला रेगेन्सबुर्गला आला, आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला तिथेच वारला. पुढे युद्धात त्याचं थडगंही नाहीसं झालं. पैशांची चणचण असलेला अभ्यासक या शहराला नवा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. एका दिवसात इतिहास कळतो का? पूर्ण कळत नाही, हे उघड आहे. पण तीन सवयी लागू शकतात. पहिली, जुनं काही दिसलं की ते का उरलं हे विचारायचं; कोणी जपलं, की पाडायला पैसे नव्हते? दुसरी, इथून कोण गेलं, कोणाला घालवलं, हे विचारायचं. तिसरी, निघण्याआधी तासभर वाचायचं, कारण कमी पैशांच्या प्रवासात वाचन हीच एक गोष्ट मनसोक्त वापरता येते.

आणि या सवयी सुट्टीत घरी येताना सोबत आणाव्यात. आपल्या जुन्या पेठांतले वाडे, वेशी, नदीकाठचे घाट बघतानाही हेच प्रश्न लागू पडतात. जर्मनीने आपल्या भिंतींतले दगड वाचायला फार उशीर लावला. रेगेन्सबुर्गमध्ये १९३८ साली जाळलेल्या सिनेगॉगच्या जागी नवं उभं राहायला २०१९ उजाडलं. आपल्या भिंतींत कोणाचे दगड आहेत, हे बघायला रेल्वेचं तिकीटही लागत नाही.

पुढच्या वेळी आपण घाटातल्या रस्त्यांबद्दल बोलू. आता प्रश्न घेऊ या.