दप्तर शाबूत, पण वाचणारा कोठें?



पुण्याचें पेशवे दप्तर आपणांपैकीं अनेकांस नांवानें परिचित असेल. तेथील रुमालांत बांधलेले कागद बहुतांशीं मोडी लिपींत आहेत. भाषा मराठीच, परंतु मोडी न शिकलेल्या माणसापुढें तो कागद ठेवला, तर त्यास एक ओळही लागत नाहीं. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखालीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हां कोठें ते सामान्य अभ्यासकास खुले झाले. कागद जतन करणें आणि त्याची लिपी जाणणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा त्यांतील बोध. आपल्या आजच्या घरगुती दप्तरासही तो तंतोतंत लागू पडतो.

हें आजचें दप्तर म्हणजे नेटवर्क स्टोरेजची लहानशी पेटी. तींत एक, दोन किंवा अधिक हार्ड डिस्क असतात. लग्नकार्याचीं छायाचित्रें, जमिनीचे सातबारे, मुलांचीं प्रमाणपत्रें त्यांवर सांठविलेलीं असतात, आणि घरांतील सर्व संगणकांस तीं दिसतात. एके दिवशीं पेटी बंद पडते. डिस्क मात्र धडधाकट असते. घरधनी ती काढून आपल्या विंडोज संगणकास जोडतो, तों संगणक सांगतो कीं, वापरण्यापूर्वीं ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल! असें कां व्हावें?

याचें उत्तर इतिहासांत आहे. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें रॅमॅक नांवाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारांत आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. पण तबकडीवर अक्षरें उमटविणें ही एक गोष्ट, आणि कोणता मजकूर कोठें आहे याची अनुक्रमणिका ठेवणें ही दुसरी. या दुसरीस फाइल सिस्टिम म्हणतात. तीच डिस्कची लिपी समजा. योगायोग असा कीं, १९९३ या एकाच सालीं अशा दोन लिपी पुढें आल्या. मायक्रोसॉफ्टनें विंडोज एन. टी. बरोबर एन. टी. एफ. एस. आणली, आणि लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्ससाठीं ईएक्सटी-२ तयार झाली. हिचीच वंशज ईएक्सटी-४ ही २००८ सालीं पक्क्या स्वरूपांत आली. लिनक्स विनामूल्य व सर्वांस खुलें असल्यामुळें घरगुती पेट्या बनविणाऱ्या बहुतेक कारखानदारांनीं तेंच पत्करलें. विंडोजनें मात्र ती लिपी आपण होऊन शिकून घेतली नाहीं.

मग पेटी चालू असतां विंडोजला तोच मजकूर दिसत होता, तो कसा? जुन्या दप्तरखान्यांत कारकून रुमाल सोडून हवा तो कागद काढी व वाचून दाखवी. पेटींतील लिनक्स हा तो कारकून. विंडोज नेटवर्कवरून फाइल मागत असे, आणि कारकून ती शोधून त्यास समजेल अशा बोलींत देत असे. आतां कारकून गेला, रुमाल राहिले. आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. पण रस्ते मिळाले म्हणून परप्रांतीय पाहुण्याची भाषा कोणास आपोआप येत नाहीं. तशीच डिस्कची तार संगणकास नीट बसली, तरी लिपी परकी ती परकीच.

आणखी एक गांठ आहे. १९८८ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं अनेक डिस्क एकत्र बांधण्याची ‘रेड’ ही युक्ति मांडली. तिच्या एका प्रकारांत दोन डिस्कवर एकच मजकूर असतो. तेथें एक डिस्क पुरते. अन्य प्रकारांत मजकुराचे तुकडे सर्व डिस्कवर विखुरलेले असतात. तेथें एकटी डिस्क म्हणजे फाडलेल्या पत्राचा एक कपटा.

तेव्हां करावें काय? प्रथम, फॉरमॅटच्या त्या प्रश्नास ‘होय’ म्हणूं नये. कारण त्यानें जुनी अनुक्रमणिका जाऊन तिच्या जागीं कोरी येते. डिस्क एकाहून अधिक असल्यास त्यांचा क्रम लिहून ठेवावा. त्याच कारखानदाराची दुसरी पेटी मिळाल्यास पुष्कळदां तींत त्या चालतात. नाहीं तर पेन ड्राइव्हवरून आपलाच संगणक लिनक्समध्यें सुरू करावा आणि डिस्क केवळ वाचनापुरती उघडावी. विंडोज ११ मध्यें आंतल्या आंत लिनक्स चालविण्याची सोय असून, तिच्या द्वारेंही ईएक्सटी-४ लिपींतील डिस्क जोडतां येते. मजकूर सांकेतिक कुलुपांत ठेवला असेल, तर मात्र किल्लीवांचून हे सर्व उपाय व्यर्थ होत.

ईएक्सटी-४ ची घडण सर्वांस खुली आहे, म्हणून आज हे मार्ग उपलब्ध आहेत. मोडीच्या बाबतींत शाळांतून शिक्षण थांबलें आणि एका दोन पिढ्यांत घरोघरचे कागद मुके झाले. म्हणून पेटी चालू आहे तोंवरच तिची लिपी, डिस्कचा क्रम आणि किल्ली एका कागदावर साध्या देवनागरींत लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी, आणि मजकुराची एक प्रत अन्यत्र असूं द्यावी. पुढील पिढीस दप्तर देतांना तें वाचण्याची विद्याही दिली पाहिजे. नाहीं तर आपण वारसा दिला असें म्हणतां येणार नाहीं.