संकटकाळची बाग

संकट आले म्हणजे मनुष्याला जमिनीची आठवण होते आणि ते टळले म्हणजे तो तिला विसरतो. शाळांच्या व शहरांच्या भाजीबागांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला असता या विधानाची सत्यता पदोपदी प्रत्ययास येते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. १८९३ साली तेथे मोठे आर्थिक अरिष्ट कोसळले. डेट्रॉइटचे नगराध्यक्ष हेझन पिंग्री यांनी पुढल्याच वर्षी शहरातील पडीक जागा बेकार कुटुंबांस बटाटे व भाजीपाला पिकविण्यासाठी दिल्या. प्रथम या उद्योगाची थट्टा झाली. पीक हाती येताच इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. १९०२ मध्ये फॅनी पार्सन्स या बाईंनी न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक उद्यानात मुलांसाठी वाफे पाडून दिले. केवळ भाजी पिकविणे हा त्यांचा हेतू नव्हता. श्रम, स्वच्छता व स्वावलंबन हे गुण मुलांच्या अंगी बाणावेत, ही त्यांची दृष्टी होती. परंतु पहिल्या महायुद्धात शाळेची बाग जणू सैन्यातच दाखल झाली! शिक्षण खात्याने 'युनायटेड स्टेट्स स्कूल गार्डन आर्मी' उभारली आणि विद्यार्थी मातीचे शिपाई बनले. युद्ध संपले, सरकारी पैसा आटला, फौज पांगली. दुसऱ्या महायुद्धात त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. १९४३-४४ च्या सुमारास तेथे सुमारे २ कोटी बागा होत्या व देशातील ताज्या भाजीपैकी अदमासे ४० टक्के त्यांतून येई, असा अंदाज आहे. शांतता प्रस्थापित होताच बहुतेक वाफ्यांवर पुन्हा गवत उगवले.

इंग्लंडातही १९३९ साली 'विजयासाठी खणा' अशी हाक दिली गेली आणि युद्धोत्तर काळात तेथेही ओहोटी लागली. तथापि एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. नागरिकांनी मागणी केल्यास लागवडीचे तुकडे पुरविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य, असे १९०८ च्या कायद्याने ठरविले होते. त्यासाठी घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून विकू नये, असे १९२५ च्या कायद्याने बजाविले. म्हणून पुष्कळ तुकडे गेले, तरी ती संस्था मेली नाही. आजही अनेक ठिकाणी तुकड्यासाठी लोक आपला क्रम येण्याची वाट पाहतात. घोषणेने उत्साह उत्पन्न होतो. हक्काने परंपरा निर्माण होते.

हा विचार आम्हांस आज विशेष महत्त्वाचा वाटतो. २०१९ साली केंद्र सरकारने शाळाशाळांतून परसबागा कराव्यात, तेथील भाजी मुलांच्या माध्यान्ह भोजनात यावी, अशा सूचना काढल्या. हेतू स्तुत्य आहे. परंतु मे महिन्याच्या सुट्टीत वाफ्यांना पाणी कोण घालणार? हौशी शिक्षकाची बदली झाल्यावर ती जागा बागेचीच राहील, याची हमी कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे परिपत्रकात सापडावयाची नाहीत. ती गावाने व शाळेने मिळून, सुकाळ असतानाच, ठरावाने बांधून घेतली पाहिजेत. दुष्काळात लावलेले रोप सुकाळातही जो शिंपतो, त्याचीच बाग टिकते.