आठवड्याचा एक पेनी

पश्चात्तापाचे अश्रू मी पाळक म्हणून पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा खरा कस नंतर, रोजच्या व्यवहारात लागतो. म्हणूनच मेथडिस्टांची ‘क्लास मीटिंग’ मला फार मोलाची वाटते.

तिचा उगम कर्जातला. फेब्रुवारी 1742 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहाचं देणं फेडायचं होतं. सभासद कॅप्टन फॉय यांनी सुचवलं, ‘प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांची तूट मी भरीन.’ बारा-बारा जणांमागे एक पुढारी नेमला गेला. पेनीसाठी तो घरोघर जाऊ लागला आणि कोण पिऊन येतो, कोण भांडतो, हे उघड झालं. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी यातलं मर्म ओळखलं. पुढे हे गट दर आठवड्याला एकत्र बसू लागले आणि प्रत्येकाची विचारपूस होऊ लागली. दर तिमाहीला सभासदाचं तिकीट नव्याने मिळे. वागणूक बिघडली तर मिळत नसे.

वेस्लींच्या 1743 च्या नियमांत जकात चुकवलेल्या मालाची खरेदी-विक्री आणि फेडायची ऐपत नसताना काढलेलं कर्ज, दोन्ही निषिद्ध होती. त्याच वर्षी न्यूकॅसलच्या मेथडिस्ट मंडळीतून 64 जण वगळले गेले: 17 दारूपायी, एक बायकोला मारल्याबद्दल, तर तब्बल 29 निष्काळजीपणामुळे.

हे कठोर वाटेल. पण दर आठवड्याला दारात येऊन ‘कसं चाललंय?’ विचारणारं माणूस असेल, तरच केलेला निश्चय टिकतो. आपल्या मंडळ्यांनी ही प्रथा पुन्हा सुरू करावी.