लष्कराचा तळ आणि रयतेची गंजी

भोर तालुक्यातले रांझे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तिथल्या पाटलाने, बाबाजी गुजराने, एका स्त्रीशी गैरवर्तन केले. १६४६ च्या जानेवारीत शिवाजीमहाराजांनी त्याचे हातपाय तोडवले, पाटीलकी काढली. ही हकीकत शाळेतले पोरही सांगते.

पण पाटील एकटा होता. हत्यारबंद फौजच दाराशी येऊन उतरली, तर कुणब्याने दाद कोणाकडे मागायची?

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून, राजगड-तोरण्याच्या पायथ्यापासून, माणसे या फौजेत गेली. मावळा म्हणजे तरी कोण? नाचणी-वरी पिकवणाऱ्याचाच मुलगा. तरीपण कमरेला तलवार आली की दुसऱ्याचे शेत परके दिसू लागते, हे काही खोटे नाही.

याच घाटाखाली, चिपळूणकडे हलवर्णास, घोडदळाचा तळ पडला होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांचे एक पत्र गेले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचे हे पत्र. शिक्षकबंधूंनी ते मुलांना जरूर समजावून द्यावे, कारण माझ्या मते रांझ्याच्या निवाड्यापेक्षा ते मोलाचे आहे. रांझ्याला गुन्हा घडून गेला होता. इथे तो घडतो कसा, हेच ओळखले आहे.

पाहा, हिशेब किती साधा! पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा नि वैरण साठवलेली. ती आताच वाटेल तशी उधळली, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई गावात शिरणार. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. मागणारा म्हणतो, मूठभरच तर घेतले! पण कुणबी घर सोडून पळतो, आणि त्याला वाटते, यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून हुकूम असा, की रयतेला काडीचाही उपद्रव द्यायचा नाही. खजिन्यातून पैसा मिळाला आहे, तेव्हा लागेल ते बाजारातून विकत आणा.

शिवाय विस्तवाची ताकीद आहे. रात्री दिवा तसाच ठेवलात, तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल. एकदा वैरण जळाली, की मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी खण उभारायला एक लाकूड मिळायचे नाही, असे महाराज आपल्याच अंमलदारांना बजावतात.